जुन्या गावातली भिंत

१

मंगळवार पेठेतल्या एका बोळात बसलिंगप्पाचा फोटोचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे वरच्या मजल्यावरची एक लांबट खोली, छपराला उत्तरेच्या अंगानं बसवलेल्या काचा, आणि एक पडदा. पडद्यावर कुणा रंगाऱ्यानं कधीकाळी तळं आणि दोन हंस काढले होते. रंग उडून उडून त्या हंसांची आता बदकं झाली होती, पण त्यांच्यासमोर बसायला येत होतं कोण? लग्नाचं, बारशाचं काम दुसऱ्या फोटोवाल्याकडे जायचं. बसलिंगप्पाकडे लोक यायचे ते अनवाणी, धापा टाकत. पायरी न चढता खालूनच सांगायचे, "चला, बसवलंय."

बसवलंय म्हणजे मयताला बसवलंय. लिंगायतांच्या घरी माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात, आणि बसलेलंच नेऊन बसलेलंच मातीत ठेवतात. मान पडू नये म्हणून भिंतीत खुंटी ठोकून हनुवटीखालून एक पट्टी त्या खुंटीला बांधतात. दोन्ही बाजूंना केळीचे खांब लावायचे, गळ्यात हार घालायचा, भोवती घरच्यांनी उभं राहायचं, आणि मग बसलिंगप्पानं काळ्या कापडात डोकं घालायचं. घरात उजेड कमी, त्यामुळे भिंगावरची टोपी बराच वेळ काढून ठेवावी लागे. तेवढ्या वेळात श्वास घेणारं माणूस थोडं तरी हलतंच. म्हणून घरची माणसं जरा पुसट येत आणि बसवलेलं माणूस तेवढं रेखीव येई, अगदी मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा असं.

उभी हयात बसलिंगप्पानं हेच केलं होतं, आणि आता तो थकला होता. लोकांच्या रडण्याची त्याला सवय झाली होती. पण संध्याकाळी लाल कंदिलाच्या उजेडात फोटोची काच औषधात धुताना तो एकच रेखीव चेहरा वर येऊ लागला, की त्याला वाटे, पुरे झालं. एवढ्या कामावर कुणी तरी आपल्याला घरी जा म्हणावं.

घरी जा म्हणणारं कोणी नव्हतं, उलट घरातच काळजी बसली होती. रुद्राणी, त्याची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची झाली होती. दिसायला नीटस, बोलायला मोकळी, आणि काच धुण्यात बापाच्या वरताण. मागणी यायची, पोहे व्हायचे, मग कुणीतरी विचारायचं, "वडील फोटोवाले म्हणजे ते शेवटचे फोटो काढतात तेच का?" आणि पाहुण्यांना गाडीची वेळ आठवायची. अक्कलकोटचे शिवलिंगप्पा आपल्या मुलासाठी बघायला आले, ते तेवढे सरळ बोलले. ते म्हणाले, "मुलगी आमच्या मनात भरलीय. पण तुम्ही मांडवात उभे राहिलात की लोकांना दुसरंच आठवेल, रागावू नका. ते काम सोडा, दुसऱ्या कशात तरी नाव काढा. दिवाळीपर्यंत आम्ही वाट बघतो."

बसलिंगप्पा रागावला नाही. खरं तर त्याच्या मनातलंच ते बोलले होते. रेल्वेतल्या एका साहेबाकडे त्यानं विलायती मासिकं पाहिली होती. पडके मठ, ओस पडलेल्या गिरण्या, दार उघडं टाकून गेलेली घरं, आणि एकाही चित्रात माणूस नाही. अशा चित्रांना तिकडे कला म्हणत. मुंबईत दर साली प्रदर्शन भरे, तिथेही आता अशी चित्रं लागत. बसलिंगप्पाला ती पाहून भूक लागावी तशी ओढ लागली. जिथे कुणी रडत नाही आणि कुणाची मान सावरावी लागत नाही, अशा जागी कॅमेरा लावायचा. त्यानं गुढीपाडव्याला ठरवलं की आता बसवलेल्यांचं काम बंद. बोलावणी आली की त्याची विधवा बहीण निंगव्वा खिडकीतून सांगू लागली, "तो ते आता करत न्हाई."

२

होटगीच्या पलीकडे एक गाव मानमोडीच्या तापाच्या साथीत उठलं होतं. अठरा सालची ती साथ. राहिलेल्या माणसांनी रुळाच्या अलीकडे नवी वस्ती केली आणि जुनी घरं तशीच सोडली. त्याला दहा वर्षं झाली. आता लोक त्याला नुसतं जुनं गाव म्हणत.

चैत्रातल्या एका सकाळी बसलिंगप्पा आणि रुद्राणी होटगीला उतरून बैलगाडीनं तिथे गेले. गाव म्हणजे छपरं खचलेली चाळीसेक घरं, मधून बोरी-बाभळी, आणि वर पांढरं आभाळ. एका घराच्या अंगणात हरिबा नावाचा धनगर मेंढरं सावलीला बसवून चिलीम ओढत होता. बसलिंगप्पानं आपलं काम सांगितलं तेव्हा त्याला हसू आलं.

"हितं कशाचं चित्र काडता? हितं हाय काय?"

"काही नाही, तेच काढायचंय."

"मग काडा की," हरिबा म्हणाला. "माजी मेंढरं रोजच बसत्यात. कुनाचं काय न्हाय हितं."

घर बरं होतं. माजघराचं छप्पर एका कोपऱ्यात पडलेलं, तिथून उन्हाचा एकच पट्टा आत येऊन समोरच्या भिंतीच्या पायथ्याला लागला होता. भिंत मातीची, जुनी, कुठेकुठे पोपडे निघालेली. जमिनीवर धूळ, लेंड्या, पत्र्याचा एक तुकडा. बसलिंगप्पाला ती खोली पाहताक्षणी आवडली. त्यानं कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं, कापडाखाली डोकं घातलं, आणि कॅमेऱ्यामागच्या घासलेल्या काचेवर उलटी पडलेली खोली पाहू लागला. पण सावलीतली भिंत नुसती करडी दिसत होती, नजर कशावर ठरवावी ते कळेना.

अशा वेळी फोटोवाले एक गोष्ट करतात. भिंतीपाशी कुणालातरी बसवतात, त्याच्या डोळ्यांवर भिंग जुळवतात, मग त्याला उठवून मोकळ्या जागेचा फोटो घेतात.

"रुद्रा, जरा त्या भिंतीला टेकून बस गं. तिथं, उन्हाच्या पट्ट्यामागं."

रुद्राणीनं पदरानं धूळ झटकली आणि मांडी घालून भिंतीला पाठ लावून बसली. काचेवर ती उलटी दिसत होती, डोकं खाली आणि मांडी वर. बसलिंगप्पानं भिंग पुढंमागं केलं आणि तिचे डोळे नेमके लागले.

"अप्पा, भिंत किती गार आहे. बाहेर एवढं ऊन आणि इथं नुसता माठ."

"बसू दे थोडा वेळ. छान बसलीयस."

ते शब्द तोंडातून गेले आणि त्याचं त्यालाच कसंसं झालं. हेच तो शेकडो घरांत म्हणाला होता. मयताच्या लेकाला खांद्यावर थोपटून म्हणायचा, छान बसलेत. कुठल्याही मयताच्या घरात त्यानं जिवंत माणसाला त्या जागी बसवलं नसतं, तेवढं त्याला कळत होतं. पण हे मयताचं घर नव्हतं. हे तर कुणाचंच घर नव्हतं. त्यानं तिला उठवलं, टोपी काढली, आणि बराच वेळ उन्हाचा पट्टा पाहत उभा राहिला. बाहेर हरिबा मेंढरांशी काहीबाही बोलत होता.

३

काच रुद्राणीनं धुतली, दुसऱ्या दिवशी तिनंच कागदावर चित्र उतरवलं आणि वाळत घातलं. बसलिंगप्पा जेवून वर आला तेव्हा ती चित्राजवळ तोंड नेऊन पाहत होती.

"अप्पा, जमीन कुणी सारवली?"

"कुठली जमीन?"

"ही बघा ना."

चित्रात धूळ नव्हती, लेंड्या नव्हत्या, पत्र्याचा तुकडाही नव्हता. भिंतीपासून दारापर्यंत जमीन शेणानं सारवलेली होती. हाताच्या बोटांचे अर्धगोल एकात एक स्पष्ट उमटले होते, आणि कडेला ओल अजून वाळायची होती.

बसलिंगप्पा फोटोच्या आकड्यांत आणि औषधांत मुरलेला माणूस. तो म्हणाला, काच जुन्या पेटीतली असेल, आधी कुठल्यातरी घरी थोडी उघडी पडली असेल, त्या घराची जमीन या घरात आली. असं होतं. त्या दुसऱ्या फोटोवाल्याच्या एका चित्रात नवरदेवाच्या पगडीतून घोड्याचं शेपूट निघालं होतं. रुद्राणी हसली. तरी तो तिला म्हणाला नाही की त्या जमिनीवर उन्हाचा पट्टा नेमका तिथेच पडला होता जिथे त्यानं तो पाहिला होता.

चित्र मात्र विलक्षण आलं होतं. ओस घर, पडकं छप्पर, आणि खाली ती ताजी सारवलेली जमीन. कुणीतरी येणार म्हणून घर आवरून ठेवलंय असं वाटे. बसलिंगप्पानं ते मुंबईला पाठवलं. पावसाळा सरता सरता चांदीचं पदक आलं, आणि त्याच घराची आणखी काही चित्रं पाठवावीत, हिवाळी प्रदर्शनात एकत्र लावू, असा निरोपही आला. पदकाची बातमी अक्कलकोटला पोचली. शिवलिंगप्पा स्वतः येऊन पेढे देऊन गेले. लग्न मार्गशीर्षात करू, म्हणाले. हिवाळी प्रदर्शनाला व्याह्यांना घेऊन मुंबईला जाऊ, चारचौघांत सांगता येईल.

निंगव्वानं देवापुढे दिवा लावला. बसलिंगप्पाचा जीव भांड्यात पडला. त्या रात्री त्याला इतकी गाढ झोप लागली की सकाळी उठवावं लागलं.

४

दसऱ्याच्या आधी तो पुन्हा जुन्या गावी गेला, या वेळी एकटा. रुद्राणीला बरं वाटत नव्हतं. ताप नाही, खोकला नाही. नुसती पाठ गार पडलीय म्हणायची आणि चुलीमागच्या भिंतीला टेकून बसायची. लग्न ठरलेल्या पोरी अशाच हळव्या होतात, असं निंगव्वाचं म्हणणं.

घर होतं तसंच होतं. जमिनीवर धूळ आणि लेंड्या, पत्र्याचा तुकडासुद्धा जागच्या जागी. बसलिंगप्पानं वाकून धुळीत बोट फिरवलं, आणि स्वतःच्या मूर्खपणाला हसला. काच नव्या पेटीतली होती, पेटीचं सील त्यानं स्वतः अंधारात फोडलं होतं. भिंग जुन्या खुणेवर ठेवलं, टोपी काढली. भिंतीमागच्या खोलीत कुणीतरी हळू चालत असल्यासारखा आवाज येत होता. त्यानं जाऊन पाहिलं तर हरिबाची एक मेंढी भिंतीला अंग घासत होती. तो मनात म्हणाला, बघ, अशी असतात सगळी भुतं.

ही काच त्यानं स्वतःच धुतली. लाल उजेडात भिंत वर आली, सारवलेली जमीन वर आली. मग भिंतीत, जमिनीपासून दीड-पावणेदोन हातांवर, एक ठिपका. ठिपक्यातून खाली काहीतरी लोंबत होतं. खुंटी आणि पट्टी. खाली एक पाट.

तो कुठल्या जागेत उभा आहे ते त्याला क्षणभर कळलं नाही.

चित्र वाळत असताना निंगव्वा चहा घेऊन वर आली. तिनं चित्राकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"बसू, हे काम सोडलंस म्हणालास ना? पुन्हा कुणाकडं गेला होतास?"

तो रिकामी थाळी पुसू लागला.

"माणूस कुठाय यात? नुसती जागाच काढलीस."

"अजून आणलं नव्हतं," तो म्हणाला. खोटं बोलायला हेच का सुचलं, ते त्याचं त्याला कळेना.

निंगव्वानं चित्र उजेडाकडे धरलं. दोन नणंदा, सासू, नवरा, सगळ्यांना तिनं अशा जागी बसलेलं पाहिलं होतं. "बाईमाणूस असंल," ती म्हणाली. "खुंटी खाली ठोकलीय बघ. चण लहान असंल बिचारीची." आणि कप उचलून खाली गेली.

हे निंगव्वानं सांगायची गरज नव्हती. खुंटी कुठे ठोकायची ते लोक बसलिंगप्पालाच विचारत. माणूस बसलं की डोकं कुठे येतं याचा अंदाज त्याच्या हातात होता. भिंग जुळवताना घासलेल्या काचेवर केलेली पहिल्या दिवशीची खूण अजून होती, त्यावर त्यानं धुतलेली काच धरून पाहिली. जिथे चैत्रात रुद्राणीचे डोळे नेमके लागले होते, तिथून भिंतीच्या मापानं चार बोटं वर ती खुंटी होती.

५

मग त्यानं काय करायला हवं होतं, ते मागून सांगणं सोपं आहे. चित्रं पाठवायची नाहीत, तिकडे फिरकायचं नाही, जंगम पुजाऱ्याला बोलावून घरात काहीतरी करून घ्यायचं. पण चित्रं नाही गेली तर मुंबई नाही, मुंबई नाही तर शिवलिंगप्पांच्या चारचौघांत सांगायला काही नाही. आणि पोरीला सांगायचं तरी काय? तुला मी त्या जागी बसवलं म्हणून? तिच्या तोंडाकडे पाहून त्याच्यानं ते बोलवेना. कामाच्या सवयीनं झालं होतं, नेहमीची युक्ती म्हणून. तेच त्याला जास्त लागत होतं.

तो तिसऱ्यांदा गेला, खुंटी उपटायला. भिंतीत खुंटी नव्हती, भोकही नव्हतं. त्यानं तळहात फिरवून पाहिलं. भिंत कोमट होती, उन्हात असते तशी. सगळा गारवा गेला कुठे? आणि गेला कुठे ते आठवल्यावर त्यानं हात भिंतीवरून काढून घेतला. मग रागारागानं आणखी एक फोटो घेतला.

घरी येऊन ती काच धुतली तर तिच्यात माणसं होती. केळीच्या दोन खांबांच्या बाजूंना, रिकाम्या पाटाभोवती, पाचसात माणसं उभी, सगळी पुसट. श्वास घेणारी येतात तशी. चेहरे ओळखू येत नव्हते, पण उभं राहण्याच्या ढबीवरून ती फोटोवाल्याची वाट पाहत आहेत हे कुणालाही कळलं असतं. पाटाच्या उजव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा त्यांनी सोडली होती.

त्यानं ती काच अंगणात आपटून फोडली आणि तुकडे आडात टाकले. घरात आला तर रुद्राणी भिंतीला टेकून बसलेली. निंगव्वा तिला काढा पाजत होती.

"अप्पा, तुमचा हात द्या," ती म्हणाली. त्याचा हात घेऊन तिनं आपल्या पाठीवर ठेवला. "बघा, किती गार आहे. आत्याला पटतच नाही."

लुगड्यातूनसुद्धा ती पाठ माठासारखी लागत होती. बसलिंगप्पाचा हात तसाच राहिला. त्याला रडू आलं नाही. एवढी वर्षं दुसऱ्यांचं रडणं पाहून ते वाळून गेलं असावं. त्याला नुसतं वाटलं की आता आपली पाळी. जागा कुणासाठी तरी मांडली आहे ना, मग आपण बसू. त्याला ते फार सोपं वाटलं.

६

कार्तिकातलं सकाळचं ऊन होतं. हरिबा नेहमीच्या अंगणात होता.

"एक काम करशील? मी त्या भिंतीला बसतो. तू ही टोपी काढायची आणि तुझी चिलीम संपली की परत घालायची. मधे बोलायचं नाही."

"फोटुवाल्याचाच फोटू व्हय?" हरिबा हसला. "बसा की. न्हाय बोलत."

बसलिंगप्पानं भिंग जुळवून ठेवलं आणि भिंतीपाशी जाऊन मांडी घातली. पाठ टेकली. भिंत कोमट होती. टोपी निघाल्याचा आवाज आला. मग कशाचाच नाही.

त्यानं नजर भिंगावर ठेवली आणि अंग सोडून दिलं. बसणं इतकं सुखाचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. जन्मभर तो समोर उभा राहिला होता, पाय सुजेपर्यंत. त्याच्या मनात आलं, हे लोक इतके निवांत का दिसतात ते आता कळतंय. थोड्या वेळानं जमिनीवर ओल्या हाताचा सर्र सर्र आवाज येऊ लागला. मग बांगड्यांचा. मग अगदी कानापाशी, कुणीतरी कुणाला हळू आवाजात सांगितल्यासारखं, की आले. तो हलला नाही. पापणीही पडू दिली नाही. मनात एकच म्हणत होता, मी बसलोय, पुरे आता, मी बसलोय.

"सपली चिलीम," हरिबा म्हणाला.

बसलिंगप्पा उठला. गुडघे भरून आले होते. त्याला हलकं वाटत होतं, कुणाचं तरी फेडून टाकल्यासारखं. कॅमेरा आवरता आवरता त्यानं विचारलं, "कुणी आलं होतं का रे?"

"कोन येतंय हितं? तुमी हुता की."

"बसलेलो होतो ना मी? सगळा वेळ?"

हरिबानं चिलीम दगडावर झटकली. "व्हय, बसला हुता. मदी तेवडं उटला हुता न्हवं? उटून बाजूला हुबा ऱ्हायला हुता लई येळ. मी म्हननार हुतो, पर तुमीच म्हनला हुता बोलायचं न्हाय."

"मी उठलो नाही हरिबा."

"मग न्हाय उटला," हरिबा समजुतीनं म्हणाला आणि मेंढरांना हाक मारत निघाला.

७

दुपारच्या गाडीनं तो परतला. पेठेत हातमागांची खडखड चालू होती, बोळात ऊन होतं. निंगव्वा बाजाराला गेली होती. स्वयंपाकघरातून रुद्राणीनं विचारलं, "अप्पा, जेवलात का?" तिचा आवाज नेहमीचा, जरा थकलेला. "जेवतो गं, एवढी काच धुतो आणि येतो," असं म्हणून तो जिना चढला.

दार लावून त्यानं लाल कंदील पेटवला आणि काच औषधात सोडली. थाळी हलवत राहिला. आधी खांब आले. मग बाजूची माणसं, पुसट. मग उजव्या हाताच्या मोकळ्या जागेत आणखी एक माणूस वर येऊ लागलं. काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं, तरी स्वतःची पगडी आणि स्वतःचे खांदे त्याला ओळखू आले. तो उभा होता. इतरांइतकाच पुसट, जिवंत, आणि एक हात शेजारच्या पाटाकडे खाली नेलेला.

पाट अजून वर आला नव्हता. औषध हळूहळू काम करत होतं. जमीन आली. लुगड्याचा काठ आला, त्याच्या विणीतला धागा न् धागा दिसेल इतका रेखीव. काठाखालून एका पायाचा अंगठा आला.

बसलिंगप्पानं दार सताड उघडलं. उन्हानं काच क्षणात काळी केली. पुढचं त्यानं पाहिलं नाही, आणि आता ते कुणालाही दिसणार नव्हतं. तो उंबऱ्यात धापा टाकत उभा राहिला आणि स्वतःला समजावू लागला. औषध जुनं होतं. उपाशी पोटी होतो. हरिबा गांजा ओढतो. एकेक कारण तो नीट मांडत होता, आणि त्याचं त्यालाच ते सगळं पटत होतं.

"रुद्रा, पान वाढ गं," त्यानं वरूनच हाक मारली.

उत्तर आलं नाही. मागांची खडखड चालू होती, त्यात ऐकू गेलं नसेल. तो जिना उतरला.

रुद्राणी चुलीमागच्या भिंतीला टेकून बसली होती. मांडी घातलेली, हात मांडीवर. जमीन नुकतीच सारवलेली होती, तिच्या हाताला शेण तसंच होतं. काम करता करता दमून टेकली असणार, डोळा लागला असणार. खिडकीतून उन्हाचा पट्टा तिच्या पायांशी आला होता. चेहरा निवांत होता. भुवईचा केस न् केस दिसत होता, आणि कानापाशी सुटलेली एक बट, तीही स्थिर.

बसलिंगप्पा तिच्या उजव्या हाताला जाऊन उभा राहिला. खाली वाकून हात लावून पाहणं काही कठीण नव्हतं, पण त्याचा हात अर्ध्यावर जाऊन तिथेच थांबला. तिच्या पदराकडे, छातीवरच्या इष्टलिंगाच्या दोरीकडे तो पाहत राहिला. त्याला वाटे, आता श्वासानं ती उचलली जाईल. मग वाटे, आपलीच नजर हलतेय.

"रुद्रा," तो म्हणाला. "जरा हल गं, बाळा. थोडीशी हल."